'कॉल ऑफ द व्हॅली'ची कॅसेट: दुरुस्तीच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार, चिपळूण

काम: दादाने १९८८ साली मस्कतहून आणलेला जपानी कॅसेट डेक चालू करणे. त्यावर 'कॉल ऑफ द व्हॅली' या संतूर, बासरी आणि गिटारच्या रेकॉर्डची कॅसेट वाजवणे. जमलं तर तिची संगणकावर व्यवस्थित प्रत करणे.

आजची स्थिती: वीज दिली की समोरचा हिरवा दिवा लागतो. प्ले दाबलं की आत मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण कॅसेटच्या चकत्या जागच्या हलत नाहीत. कॅसेट फुगलेली वगैरे नाही. खिडकीतून पाहिलं तर टेपच्या कडेवर पांढरट पूड दिसते. इनले कार्डावरची शाई उडून पिवळा पुठ्ठा तेवढा उरलाय.

जुलै २०२१ च्या पुरात खालच्या मजल्यावरचं काहीच वाचलं नाही. हार्मोनियम गेली, गाण्याच्या वह्या गेल्या. हा डेक आणि कॅसेटचा खोका मात्र पोटमाळ्यावर होता, कारण आईला टाकवत नव्हता आणि मला खाली ठेवायला जागा नव्हती. नवरात्राची साफसफाई करताना काल खाली काढला.

भाचीचा प्रश्न अपेक्षितच होता. "आत्या, हे सगळं फोनवर मिळतं गं, एका बोटावर." मिळतं, मला माहीत आहे. मला डेक दुरुस्त करायचाय. टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी जानेवारी २०२० मध्ये व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन सोडली, तेव्हापासून हातात सोल्डरिंगची बंदूक धरलेली नाही. गाण्याचं म्हणाल तर ते त्याच्याही बरंच आधी सुटलं.

८ ऑक्टोबर

झाकण उघडलं. पालीची दोन अंडी (रिकामी), एक मेलेलं झुरळ आणि धुळीची चादर. ब्लोअर नाही, रंगाचा ब्रश आणि सायकलचा पंप वापरला. चाललं.

दोष पहिल्या नजरेत दिसला. दोन पट्टे असतात: एक मोटरकडून फ्लायव्हीलकडे (वेग स्थिर ठेवणाऱ्या जड चाकाकडे) जाणारा जाड, एक चकत्या फिरवणारा बारीक. दोन्हींचं डांबर झालंय. त्या काळातलं रबर वयोमानाने असं वितळतं, यात आश्चर्य काही नाही. त्रास असा की ते डांबर पुलीच्या खाचेत, फ्लायव्हीलच्या कडेला, मोटरच्या दांड्यावर सगळीकडे बसतं आणि जिथे बोट लावाल तिथे पसरतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कान कोरायच्या काड्या आणि जुन्या सुती पातळाच्या चिंध्या घेऊन बसले ते दुपार गेली. पुलीची खाच अगदी चकचकीत झाली पाहिजे. तिथे कणभर जरी राहिलं तर प्रत्येक फेऱ्याला गचका बसतो आणि तो गचका लांब सुरात लगेच ऐकू येतो.

बाकीची पाहणी: पिंच रोलर (टेप पुढे ओढणारं रबरी चाक) कडक आणि तुळतुळीत झालाय, बारीक पॉलिशपेपरने घासून खरखरीत केला. हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) तपकिरी थर होता, निघाला. हेड झिजलेलं आहे पण खाच पडलेली नाही. पॉवर सप्लायमधले दोन कपॅसिटर वरून फुगलेत, ते बदलणार. पट्ट्यांचा घेर दोऱ्याने मोजून घेतला. पट्टे, कपॅसिटर असं सगळं मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून मागवलं, भाचीचा मित्र गणपतीनंतर राहिलेलं सामान घेऊन येणारच आहे.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी पाटावर स्क्रू ड्रायव्हरचा संच, मल्टिमीटर आणि सोल्डरिंग मशीन मांडून हळदकुंकू वाहिलं. आई असती तर तिने डेकही पाटावर चढवला असता. झेंडूची फुलं मल्टिमीटरवर छान दिसतात.

१८ ऑक्टोबर

पट्टे आले. जाड पट्टा थोडा घट्ट आहे पण बसला. कपॅसिटर बदलले. चकत्या फिरायला लागल्या.

आता वेग. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. हे गणित १९६३ साली फिलिप्सने कॅसेट बाजारात आणली तेव्हापासूनचं. वेग बिघडला की सुरांची पट्टी बदलते, एवढं साधं आहे. एक्स्चेंजमधल्या जुन्या सहकाऱ्याकडे ३१५० हर्ट्झच्या टोनची चाचणी-कॅसेट होती, ती आणली. फोनवरच्या ट्यूनरने दाखवलं ३२०५. म्हणजे डेक जवळजवळ पावणेदोन टक्के जोरात पळतोय. सुराच्या भाषेत तीस सेंट (अर्धा स्वर म्हणजे शंभर सेंट), अर्ध्या स्वराच्या एक तृतीयांशाहून थोडं कमी. मोटरच्या मागे एक भोक असतं, आत बारीक स्क्रू. फिरवत फिरवत ३१५० वर आणला. काटा दोन-तीन हर्ट्झ इकडेतिकडे होतो, ते या वयाच्या यंत्राला माफ.

तो टोन ऐकताना गंमत वाटली. नोकरीत माझ्या कानात असाच एक टोन तीसेक वर्षं होता. आपल्याकडचा डायल टोन ४०० हर्ट्झचा, त्यावर २५ चा कंप. हार्मोनियमच्या पांढरी पाचपेक्षा चिमूटभर चढा. लाइन मेली की जिवंत, खरखर कुठून येते, कुठल्या जोडात पाणी शिरलंय, हे मी कानाने सांगायची. घरी आले की कान मिटून घ्यावेसे वाटायचे. तंबोरा लावून बसणं शक्यच नव्हतं, शिफ्ट ड्यूटीचं निमित्त होतं पण खरं कारण हे. गाण्याची मध्यमा पूर्णची परीक्षा दिली, त्यापुढच्या विशारदचा फॉर्म आणला आणि तो भरलाच नाही.

२० ऑक्टोबर

कॅसेटचं ऑपरेशन.

पांढरी पूड म्हणजे बुरशी. कोकणात पोटमाळ्यावर तीस-पस्तीस पावसाळे काढल्यावर दुसरं काय होणार. ही कॅसेट तशीच डेकमध्ये घातली तर बुरशी हेडवर, रोलरवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. म्हणून आधी तिला सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात बंद करून ठेवली होती, पूड सुटी व्हावी म्हणून. आज मास्क लावून गॅलरीत बसले.

हिचा सांगाडा स्क्रूचा नाही, चिकटवलेला आहे. बाजारात भरलेल्या कॅसेटी बहुतेक अशाच. सांध्यात ब्लेड घालून कडेकडेने उघडावं लागतं, घाई केली की प्लास्टिकचा तुकडा उडतो. उघडल्यावर टेपची दोन्ही चाकं हळूच उचलून पाच स्क्रूच्या दुसऱ्या सांगाड्यात बसवली. दाता म्हणून, कोऱ्या विकत मिळायच्या त्यांतली एक चांगली कॅसेट घेतली. तिच्यावर कधीकाळी कुणाच्या तरी लग्नाची सनई भरलेली होती. दाबपट्टीवरचा नमद्याचा तुकडा मूळ कॅसेटीत गळून पडलेला होता. तो हेडवर टेप दाबून धरतो, तो नसेल तर आवाज येतो आणि जातो. नव्या सांगाड्यात तो शाबूत आहे.

मग पेन्सिल. हो, तीच पेन्सिल. पण नुसती गुंडाळायची नाही. मऊ सुती कापडाच्या घडीतून टेप जाऊ देत, हाताने, पूर्ण एक बाजू. कापड दर थोड्या वेळाने बदलायचं. कापडावर पांढरी रेघ उमटत होती ती शेवटी शेवटी दिसेनाशी झाली. टेपची रुंदी ३.८१ मिलिमीटर, तीवर चार पट्ट्या: इकडच्या बाजूच्या दोन, तिकडच्या दोन. इतक्या चिंचोळ्या जागेत एक आख्खा दिवस भरलाय.

दिवस म्हणजे काय ते लिहून ठेवते, कारण भाचीला माहीत नव्हतं. १९६७ सालची ही रेकॉर्ड. शिवकुमार शर्मा संतूर, हरिप्रसाद चौरसिया बासरी, ब्रिजभूषण काब्रा गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, रागांच्या वेळांवर बेतलेला. पहाटेचा अहिर भैरव, मग नट भैरव, पिलू. दुसऱ्या बाजूला भूप, देस आणि शेवटी पहाडी. सगळी मिळून चाळीसेक मिनिटं.

माझी प्रत रत्नागिरीची. पॉलिटेक्निकला असताना, १९८६ साली, पहिल्या स्टायपेंडच्या पैशांतून घेतलेली. होस्टेलवर एका मुलीकडे टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट प्लेयर एकत्र) होता. रात्री दिवे गेल्यावर सेल टाकून आम्ही पाच-सहाजणी ही ऐकायचो. सेल उतरायला लागले की पहाडी आणखी संथ व्हायचा आणि आम्हाला तो जास्तच आवडायचा.

२४ ऑक्टोबर

कॅसेट वाजली. आणि आवाज असा की कुणीतरी संतूरवर घोंगडी टाकलीय.

वेग बरोबर आहे, पट्टी बरोबर आहे, तबल्याचा डग्गा भरघोस येतोय, पण वरचे सूर नाहीत. हे अपेक्षित होतं. हेडचा कोन. हेडमधली फट टेपच्या धावेला बरोबर काटकोनात हवी. किती बरोबर? १० हजार हर्ट्झचा एक तरंग या वेगाला टेपवर ४.७६ मायक्रॉन जागा घेतो. माणसाचा केस पन्नास-साठ मायक्रॉनचा. फट केसाच्या अंशाने जरी तिरकी झाली, तरी तिचं एक टोक तरंगाच्या माथ्यावर आणि दुसरं खळग्यात पडतं, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. खर्जाला काही होत नाही, कारण त्याचे तरंग लांब. मरतो तो फक्त वरचा भाग.

दुसरी अडचण अशी की भरलेली कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचा कोन वेगळा असू शकतो. त्यामुळे चाचणी-कॅसेटवर डेक लावून काम भागत नाही, प्रत्येक कॅसेटगणिक कानाने जुळवायचं. हेडच्या डाव्या बाजूला एक स्प्रिंगवाला स्क्रू असतो. मूळ जागेवर नेलपॉलिशची खूण केली, कॅसेटचं दार काढून ठेवलं, हेडफोन लावले, डावा-उजवा आवाज एकत्र करून मोनो केला (कोन चुकलेला असेल तर मोनोमध्ये जास्त कळतं), आणि लहानात लहान स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले.

डावीकडे किंचित. आणखी घोंगडी. उजवीकडे किंचित. थोडं उघडलं. आणखी जरा. आणखी.

आणि मग ते आलं. संतूरवर अक्रोडाची कलमं (वाजवायच्या काड्या) पडतात त्या पडण्याचा आवाज. सुराच्या आधीचा, लाकूड तारेला लागल्याचा अगदी छोटा टक्. पुढे सूर, सुरामागे बाकीच्या तारांचा झंकार, तो विझायच्या आत पुढचा टक्. तो बिंदू ओलांडून स्क्रू पुढे नेला की पुन्हा मळभ. मागे आणला की पुन्हा स्वच्छ. किती वेळ मी नुसती तेवढ्यात पुढेमागे करत होते कोण जाणे. काम पाच मिनिटांत झालं होतं.

होस्टेलमधल्या टू-इन-वनवर हा टक् कधी ऐकू आला नव्हता. तेव्हा संतूर म्हणजे आमच्या लेखी पाणी, झरा, चांदणं असलं काहीबाही होतं. आज पहिल्यांदा ते कुणीतरी हाताने वाजवायचं वाद्य वाटलं.

स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकून तो पक्का केला.

२७ ऑक्टोबर, रविवार

पहिली बाजू पूर्ण ऐकली. हातात काही काम न घेता. यालाही सवय लागते, पहिली काही मिनिटं मी मीटरचे काटेच पाहत होते.

अहिर भैरव आणि नट भैरव एकापाठोपाठ ठेवलेत ही गोष्ट मला तेव्हा कळायला हवी होती, मी मध्यमाची विद्यार्थिनी होते. अहिर भैरवात खालचं अंग भैरवाचं: कोमल रिषभ, शुद्ध गंधार. वर शुद्ध धैवत, कोमल निषाद. नट भैरवात उलटं: खाली नट, रिषभ शुद्ध, आणि भैरव वर गेला, धैवत कोमल, निषाद शुद्ध. म्हणजे भैरव तळमजल्यावरून माडीवर जातो. उजेड वाढतो तो नुसत्या वेळेच्या कल्पनेने नव्हे, खालचा कोमल रिषभ निघून जातो म्हणून वाढतो. मी हे वहीत लिहिलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि ऐकलं आज.

दुसरी गोष्ट गिटारची. एकोणिसाव्या वर्षी मला बासरीच ऐकू यायची. हरिजींची बासरी कुणाला ऐकू येणार नाही? काब्रांची गिटार मला मध्ये मध्ये येणारी, सिनेमातल्यासारखी वाटायची, कारण हवाईयन गिटार म्हटलं की आमच्या गावात ऑर्केस्ट्राच आठवायचा. पण हा माणूस सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांचा शिष्य. तारांवर पोलादी कांडी सरकवून तो जी मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) घेतो ती सरोदियाची आहे. आणि या रेकॉर्डमध्ये ती गिटार असण्याला कारण आहे. संतूरला मींड नाही. तारेवर आघात केला की सूर लागला, तो ओढता येत नाही, वळवता येत नाही. शिवजींना यावरून किती ऐकून घ्यावं लागलं हे सगळ्यांना माहीत आहे. १९५५ साली मुंबईत त्यांनी पहिल्यांदा हे वाद्य मैफलीत ठेवलं तेव्हा शास्त्रीय संगीतात त्याला जागाच नव्हती, काश्मीरच्या सूफियाना कलामात (तिथल्या सूफी गायनात) ते साथीला असायचं. त्यांनी ते तिथल्यासारखं स्टँडवर न ठेवता मांडीवर घेतलं, सूर लावण्याची पद्धत बदलली, कलम तारांवर घासत नेऊन आवाज लांबवण्याची युक्ती काढली. तरी मींड ती मींड. तर एका बाजूला ठिबकणारा संतूर, दुसऱ्या बाजूला घसरत जाणारी गिटार, आणि दोघांच्या मध्ये श्वास. तीन वाद्यं एकच स्वरवाक्य तीन वेगळ्या मार्गांनी म्हणतात. हे ज्याने जुळवलं त्याचा कान मोठा.

ज्याने जुळवलं त्याच्याबद्दल आज थोडं शोधलं. निर्माते जी. एन. जोशी. म्हणजे आपलेच. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गाऊन १९३० च्या दशकात ज्यांची रेकॉर्ड घरोघर वाजली, ज्यांना मराठी भावगीताचे आद्य गायक म्हणतात, ते गजानन वाटव्यांच्याही आधीचे जोशी. पुढे ते एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत रेकॉर्डिंगचं काम पाहू लागले आणि मोठमोठ्या गवयांना माइकपुढे बसवण्यात त्यांची उमेद गेली. आमच्या आजीला 'शीळ' पाठ होती. आजीच्या गाण्याचा आणि माझ्या कॅसेटचा माणूस एकच निघावा हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक हिशोब सहज केला. शिवजींचा जन्म जानेवारी १९३८, हरिजींचा जुलै १९३८, काब्रा १९३७ चे. म्हणजे रेकॉर्ड निघाली तेव्हा ही मंडळी एकोणतीस-तीस वर्षांची होती. भाची एकतीस वर्षांची आहे. मी एकोणीस वर्षांची असताना यांना वडीलधारे पंडित समजून, जरा आदबीनेच ऐकत होते. ही तर पोरं होती! नवं काहीतरी करून बघायला निघालेली, कदाचित थोडी धास्तावलेलीसुद्धा. हे डोक्यात ठेवून पिलू पुन्हा लावला. त्यातला खोडकरपणा आता ऐकू येतो.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

दादा-वहिनी पुण्याहून आले. ओवाळून झाल्यावर दादाला डेकसमोर बसवलं.

"अगं, हा अजून आहे? मला वाटलं पुरात गेला."

"पोटमाळ्यावर होता."

"कस्टमवाल्याने यावर माझी किती चौकशी केली होती माहितीये? आणि तू मला कधी हात लावू दिला नाहीस त्याला."

"तू त्यात रंगीत दिव्यांसाठी नुसतं बटण दाबायचास, दादा."

हे त्याने नाकारलं नाही. पहिली बाजू ऐकताना तो मध्येच झोपला, वहिनी मात्र शेवटपर्यंत बसल्या. म्हणाल्या, "वन्सं, तबला किती मागे राहून वाजवतात हो हे." अगदी खरं. माणिकरावांचं नाव या रेकॉर्डच्या गोष्टीत कुणी पटकन घेत नाही. तिघं पुढे, आणि चौथा माणूस लय अशी धरून बसलाय की ती धरलीय हे कळूही नये. वहिनींनी लग्नाआधी तबला शिकल्याचं मला आजवर ठाऊक नव्हतं.

६ नोव्हेंबर

लॅपटॉपवर घ्यायला सुरुवात. डेकच्या लाइन-आउटमधून छोट्या यूएसबी इंटरफेसमध्ये, तिथून ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. कॅसेटला एवढं लागत नाही हे मान्य, पण एकदाच करायचं काम आहे. पातळी अशी की सर्वांत मोठ्या जागी सहा डेसिबल शिल्लक राहावी.

गुणगुण आली. ५० हर्ट्झची, ओळखीची. लॅपटॉपचा चार्जर काढला, गेली. बॅटरीवरच रेकॉर्ड करायचं.

डॉल्बीचं (टेपची सळसळ कमी करण्याचं) बटण बंद. चालू केलं की पुन्हा घोंगडी पडते, म्हणजे टेप डॉल्बीने भरलेली नसावी.

१० नोव्हेंबर

भाचीने 'नॉइज रिडक्शन' लावून दाखवलं. दोन क्लिकमध्ये टेपची सगळी सळसळ गायब. ती खूश. मी हेडफोन लावून तीच जागा दोनदा ऐकली आणि तिलाही ऐकवली. सळसळ जाताना संतूरची शेपटी घेऊन गेली. सूर विझत विझत जिथे सळसळीच्या पातळीला येतो, तिथे त्या सॉफ्टवेअरला दोन्हीतला फरक कळत नाही, ते दोन्ही पुसतं. मग सूर विझत नाही, कापला जातो. संतूरचं निम्मं सौंदर्य त्या विझण्यात आहे, तेच काढून टाकायचं तर सारवलेल्या अंगणावर फरशी घातल्यासारखं होईल. सळसळ राहू दे. दोन-तीन मोठे टकटक आवाज आहेत ते हाताने काढीन, बाकी काही नाही.

भाचीने फोनवरची आवृत्ती लावून तुलना केली. ती जास्त स्वच्छ आहे, यात वादच नाही. मूळ टेपवरून केलेली असणार. ती म्हणाली, "मग तुझी कशाला ठेवायची?" मी म्हटलं, दोन्ही ठेव. तिने दोन्ही ठेवल्या. रात्री तिच्या खोलीतून देस ऐकू येत होता, कुठली आवृत्ती ते दाराबाहेरून कळलं नाही.

१६ नोव्हेंबर

दुसरी बाजू. भूप, झपताल, मध्यलय.

दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. मीटर बघायचे म्हणून बसले आणि डाव्या हाताची बोटं आपोआप मात्रा मोजायला लागली. सम चुकली नाही. पाच स्वरांचा राग, गाणं शिकणाऱ्या प्रत्येक पोराच्या पहिल्या महिन्यातला. बाईंनी आम्हाला याच रागात सरगम घोटून घेतली होती, इतकी की कंटाळा यावा. साऱ्या गावाला येतो म्हणून त्या वयात भूपाला मी कमी लेखायची, आवडायचा तो पहाडी.

आता पहाडी लागला की मला होस्टेल आठवतं, आणि ते ठीकच आहे. पण पुन्हा मागे नेऊन लावते तो भूप. पाचच सूर, मध्यम नाही, निषाद नाही, लपायला जागा नाही. पंचमावरून गंधारावर येताना प्रत्येक वाद्य वेगळं येतं. एका जागी मी बरोबर म्हणून पाहिलं. आवाज अर्थातच गंजलेला, वरचा षड्ज लागलाच नाही, धैवत उतरला. उतरलाय हे मात्र लगेच कळलं. कान शाबूत आहे, गळ्याचं बघू.

फोनवर तंबोऱ्याचं अ‍ॅप घेतलं. काळी चारला लावून बघितलं, मग निमूटपणे खाली पांढरी चारवर आले.

देसच्या मध्यावर डावी बाजू दोन सेकंद जाते. टेपला तिथे सुरकुती आहे. बोटाच्या नखाने सपाट करायचा मोह टाळला, नख लागलं तर ऑक्साइड निघेल. फोनवरच्या आवृत्तीतून तेवढा तुकडा घेऊन चिकटवता येईल, पण वेग शंभर टक्के जुळणार नाही आणि शिवण दिसेल. तशीच ठेवली.

२४ नोव्हेंबर

फाइली तयार. मूळ न छाटलेली प्रत वेगळ्या डिस्कवर, एक प्रत दादाकडे, एक वहिनींच्या फोनवर (त्यांनी स्वतः मागितली). कॅसेट सिलिका जेलच्या डब्यात, उभी ठेवून. जुना चिकटवलेला सांगाडा आणि इनले कार्ड त्याच डब्यात.

डेकची बाकी कामं: दाराची स्प्रिंग सैल आहे. उजव्या चॅनेलचं पोटेन्शियोमीटर खरखरतं, कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा. खोक्यात आणखी कॅसेटी आहेत, त्यांतल्या काही आकाशवाणी रत्नागिरीवरून घरी भरलेल्या. त्या फोनवर मिळणार नाहीत, म्हणून पुढचा नंबर त्यांचा. प्रत्येकीला पुन्हा हेडचा कोन जुळवावा लागेल.

आणखी एक काम काल झालं ते इथेच लिहिते, कारण दुसरी वही नाही. आमच्या बाई आता नाहीत, पण त्यांची एक विद्यार्थिनी बाजारपेठेमागे क्लास घेते, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान. तिला जाऊन भेटले. मध्यमा पूर्ण झालीय, विशारद राहिलंय, असं सगळं मी रीतसर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, तंबोरा पुढ्यात ओढला आणि म्हणाली, "काकू, आधी भूपाची सरगम म्हणून दाखवा. मग ठरवू कुठल्या वर्गात बसायचं ते."

प्रवेशिका पूर्णमध्ये बसवलंय, म्हणजे मध्यमाच्याही खाली. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच. बरोबरची मुलं सातवी-आठवीतली आहेत.